आरसी बग्गी: किट जोडण्यापासून पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत

रिमोटच्या, म्हणजे आरसी, गाड्या दोन जातीच्या असतात. खेळण्यांच्या दुकानात मिळते तिच्यात एकच सर्किटची पट्टी असते. रिसीव्हर, मोटारीचं नियंत्रण, स्टिअरिंग सगळं तिच्यावरच. त्यातलं काही गेलं की दुकानदार म्हणतो, "ताई, याचा पार्ट सुटा येत नाही," आणि गाडी माळ्यावर जाते. दुसरी जात हॉबी ग्रेडची. तिच्यात रिसीव्हर वेगळा, पुढची चाकं वळवणारा सर्व्हो वेगळा, मोटारीला किती वीज द्यायची ते ठरवणारा ईएससी वेगळा, आणि चाकाच्या नटापर्यंत प्रत्येक भाग सुटा विकत मिळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये लेकीची दुकानातली गाडी बंद पडली तेव्हा ती सहावीत होती. आता घ्यायची ती दुरुस्त होणारीच, असं आम्ही दोघींनी ठरवलं.

मी बँकेत नोकरी करते. यंत्रकामाशी माझा कधी संबंध आलेला नव्हता, त्यामुळे किट (म्हणजे सुट्या भागांचा खोका, गाडी आपणच जोडायची), बॅटरी, सुटे भाग, कस्टम्स हे सगळंच मला नवं होतं. त्या वेळी मराठीत कोणी क्रमाने लिहिलेलं हवं होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गाडी निवडताना मी एकच गोष्ट पाहिली: पाच वर्षांनी तिचे भाग मिळतील का? त्यामुळे तामिया कंपनीकडे वळले. जपानमधल्या शिझुओकाची ही कंपनी १९७६ पासून आरसी गाड्या काढते आहे; पहिली पोर्शे ९३४ होती. तिची टीटी-०२ ही चासी २०१३ मध्ये आली आणि आजही जगभर चालते, त्यामुळे तिचे भाग मुबलक आहेत. साधी टीटी-०२ डांबरी रस्त्यासाठी असते, तिचं पोट जमिनीला टेकायला आलेलं असतं. आमच्या आवारात पेव्हर ब्लॉक, मागच्या बाजूला मुरूम. म्हणून तिचीच बग्गी आवृत्ती टीटी-०२बी, त्यातली निओ स्कॉर्चर घेतली. उंच चाकं, चार ऑइलचे शॉकअप, चारही चाकांना ताकद. मुख्य म्हणजे गिअर पूर्ण बंद डब्यात, धूळ सहसा आत जात नाही.

आता पैशांचा आणि कागदांचा भाग. परदेशातून अख्खं किट कुरिअरने मागवायचा विचार मी लगेच सोडून दिला. खेळण्यांवरची कस्टम्स ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, त्यामुळे पार्सल अडकलं तर स्पष्टीकरण देत बसावं लागतं. भारतातल्या हॉबी दुकानांत हे किट त्या वेळी शिल्लक नव्हतं. सुदैवाने माझा पुतण्या नागोयाला नोकरी करतो आणि एप्रिलअखेरीस जपानमधल्या गोल्डन वीकच्या सुट्टीत घरी येणार होता. किटला साडेअकरा हजार येन पडले. येन तेव्हा ५४ पैशांच्या आसपास होता, म्हणजे सुमारे सहा हजार दोनशे रुपये. सामानातून आणलेल्या वस्तूंना तेव्हा ५०,००० रुपयांपर्यंत सूट होती, त्यामुळे विमानतळावर काही भरावं लागलं नाही. तरी बिल हातात ठेवायला मी त्याला सांगितलं होतं. कोणी आणणार असेल तर बिल मागून घ्या, आणि एकाच जातीची दोन-तीन किटं आणायला लावू नका. तो माल विक्रीचा समजला जाऊ शकतो.

"काकू, बॅटरी आणि रंगाचे स्प्रे मात्र मी आणणार नाही," त्याने आधीच बजावलं होतं. त्याचं बरोबर होतं. सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेतून नेता येतात आणि त्याही सहसा १०० वॉट-तासांच्या आतल्या. रंगाचे स्प्रे तर विमानात चालतच नाहीत. त्याऐवजी मी त्याच्याकडून जपानी मापाचे दोन पेचकस मागवले. ज्यांना किट जोडायचं आहे त्यांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवा. तामियाचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात. आपला नेहमीचा चौफुली पेचकस त्यांच्या खाचेत नीट बसत नाही, निसटतो आणि खाच खाऊन टाकतो. योग्य पेचकसाने एक स्क्रू फिरवून पाहिलात की हातालाच फरक कळतो.

किटमध्ये रिमोट, रिसीव्हर, सर्व्हो, ईएससी, बॅटरी, चार्जर यातलं काहीच नव्हतं. मोटार तेवढी होती. हे सगळं भारतातून जीएसटीच्या बिलावर घेतलं. तीन चॅनेलचा २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट रिसीव्हरसह ३,४०० रुपये, सर्व्हो १,१००, हॉबीविंग कंपनीचा १०६० हा ईएससी २,०००, बॅलन्स चार्जर (बॅटरीतले सगळे सेल सारखे भरणारा) २,३००, ७.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी १,९००. बेअरिंगचा संच ८५०. हा शेवटचा खर्च वायफळ वाटतो, पण टाळू नका. किटमध्ये बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकच्या बुश येतात. त्यांच्यात धूळ शिरली की त्या झिजतात आणि चाकं डगडगायला लागतात. बाहेरून ११ आणि आतून ५ मिलिमीटर व्यासाच्या बेअरिंग जोडतानाच घातल्या तर त्यासाठी पुन्हा गाडी उघडावी लागत नाही.

शेजारच्या काकांनी विचारलं, "याला ड्रोनसारखा परवाना लागतो का?" मीही तेव्हा चौकशी केली होती. २०२१ चे ड्रोन नियम उडणाऱ्या यंत्रांना लागू आहेत, जमिनीवर चालणाऱ्या गाडीला नाहीत. आणि कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून परवान्याविना खुला आहे. घरातलं वायफाय त्याच पट्ट्यात चालतं. परवानगी लागली ती सोसायटीची. मे महिन्यात मी समितीला अर्ज दिला, जूनच्या बैठकीत तो घेतला गेला. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, गाडी लहान आहे, पण वेग लहान नाही." ते खरंच होतं, दीड किलोची वस्तू ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने घोट्यावर आदळली तर इजा होते. शेवटी मागच्या बोळात रविवारी सकाळी सात ते नऊ, सोबत मोठं माणूस हवं, या अटीवर लेखी मंजुरी मिळाली. लेखी असल्यामुळे पुढे कोणाशी वाद झाला नाही.

जोडणीला आम्ही ४ मे रोजी बसलो आणि उन्हाळ्याची सुट्टी त्यातच गेली. खोका उघडल्यावर आधी छाती दडपते. पिशव्यांत शेकडो स्क्रू, प्लास्टिकच्या सांगाड्यांना लटकलेले भाग, आणि शब्दांपेक्षा चित्रंच जास्त असलेली पुस्तिका. पण ती पुस्तिका फार विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येक स्क्रूचं चित्र खऱ्या मापात छापलेलं असतं. हातातला स्क्रू त्यावर ठेवायचा, जुळला की तोच. पिशव्या ए, बी, सी अशा क्रमाने फोडायच्या, एका वेळी एकच. आम्ही स्टीलच्या ताटात कापड अंथरून त्यावर काम करायचो, म्हणजे निसटलेली वायसर घरंगळत नाही. भाग सांगाड्यापासून हाताने पिळून तोडू नका. कटरने कापा आणि राहिलेला कोंब पात्याने साफ करा, नाहीतर बेअरिंग तिरकी बसते.

स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातात. पहिल्यांदा जोर लागतो, मग सरळ जातो, आणि टेकला की हाताला एकदम कळतं, तिथेच थांबायचं. लेकीला हे माझ्याआधी जमलं. धातूत जाणाऱ्या स्क्रूंना थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक ठिपका लावायचा, प्लास्टिकमधल्यांना अजिबात नाही, कारण ते रसायन प्लास्टिक ठिसूळ करतं.

सगळ्यात जास्त वेळ डिफरन्शियलला आणि शॉकअपला दिला, आणि तो द्यायलाच हवा. डिफरन्शियल पुढे एक, मागे एक. वळताना आतलं चाक कमी आणि बाहेरचं जास्त फिरावं म्हणून त्यात छोटे शंकूच्या आकाराचे गिअर एकमेकांत बसवलेले असतात. लेकीने जोडलेला डिफरन्शियल हातात धरून एक बाजू फिरवली, दुसरी बाजू उलटी फिरली, आणि ती म्हणाली, "आई, रिक्षा वळते तेव्हा आत हेच होतं का?" शाळेत हे कुणी तिला इतक्या सोप्या रीतीने दाखवलं नसतं. ग्रीस सगळ्या दातांना लागेल इतकंच. डिफरन्शियल चासीत ठेवताना मोठं दंतचक्र कोणत्या बाजूला आहे ते चित्राशी दोनदा ताडून पाहा. एक डिफरन्शियल उलटा बसला तर पुढची चाकं एका दिशेला आणि मागची दुसऱ्या दिशेला ओढतात.

शॉकअपमध्ये तेल भरल्यावर दांडा हळूहळू वरखाली करायचा, बुडबुडे वर येतात. मग नळी उभी ठेवून थांबायचं. घाईने झाकण लावलं की आत हवा राहते आणि शॉकअप दाबताना चिर्र चिर्र आवाज येतो. आम्ही चारही नळ्या दाराच्या फटीत उभ्या अडकवून जेवायला गेलो.

सर्व्हो बसवण्याआधी रिमोट आणि रिसीव्हर जोडून घ्या. रिमोटवरचे ट्रिम (मधली जागा किंचित डावी-उजवी सरकवणारी बटणं) शून्यावर ठेवा, सर्व्होला वीज द्या, तो आपोआप मधोमध येऊन थांबतो. त्या अवस्थेतच त्याचा हात बसवायचा. असं केलं नाही तर गाडी कायम एका बाजूला ओढते. याच वेळी फेलसेफही लावून घ्या. रिमोटची बॅटरी संपली किंवा सिग्नल तुटला तर मोटार आपोआप थांबली पाहिजे. हे लावल्यावर चाकं हवेत उचलून, रिमोट मुद्दाम बंद करून खात्री करा. चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. हा क्रम लेकीने कागदावर लिहून खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे.

ईएससीचं बॅटरीचं टोक बदलून घेण्यासाठी मी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. मूळच्या सफेद जोडणीपेक्षा एक्सटी-६० हे पिवळं टोक जास्त करंट सहन करतं आणि उलटं बसूच शकत नाही. दोन टोकं आणि सोल्डरिंग मिळून दीडशे रुपये झाले. या १०६० ईएससीवर दोन छोटे जंपर, म्हणजे काढून-घालून जागा बदलायच्या टोप्या, असतात. एकाने बॅटरीचा प्रकार ठरतो, दुसऱ्याने गाडी मागे जावी की नाही ते. बॅटरीचा प्रकार बदलला की तो जंपरही बदलायचा.

बॉडी पारदर्शक पॉलीकार्बोनेटची असते आणि ती आतून रंगवतात, म्हणजे बाहेर कितीही ओरखडे आले तरी रंग तसाच राहतो. त्यासाठीचा स्प्रे वेगळा असतो. हार्डवेअरच्या दुकानातला एनॅमल यावर टिकत नाही, पहिल्या धडकेत पोपडे पडतात. मुंबईतल्या दुकानाने दोन डबे रस्त्याच्या पार्सलने पाठवले, दहा दिवस लागले, १,४०० रुपये झाले. बॉडी आधी भांड्याच्या साबणाने आतून धुवायची, खिडक्यांना चिकटपट्टीचे तुकडे लावायचे, पातळ थर द्यायचे. आतून रंगवतो म्हणून गडद रंग आधी आणि फिका मागाहून. लेकीने नारिंगी आणि काळा निवडला. रंग वाळल्यावर बाहेरची संरक्षक फिल्म सोलून काढली, तेव्हा आम्ही दोघी कितीतरी वेळ गाडीकडे नुसत्या बघत राहिलो.

पहिल्यांदा गाडी चालवली ती १६ जूनच्या रविवारी, पाऊस लागण्याच्या जरा आधी. रिमोटवर थ्रॉटलची, म्हणजे वेगाची, मर्यादा निम्म्यावर आणली होती. नव्याने शिकणाऱ्याने हे करावंच. गाडी तुमच्याकडे तोंड करून येत असते तेव्हा डावं-उजवं उलटतं, आणि त्या क्षणी वेग कमी असला तर भिंत वाचते. रस्त्यावरचे त्रिकोणी ठोकळे नसतील तर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उभ्या करा. त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढणं जमलं की हात बसला.

पावसाळ्यात गाडी ठेवून दिली. ईएससीवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी बाकीचं तसं नसतं, आणि ओल्या बेअरिंगला एका रात्रीत गंज चढतो. ठेवताना टायरवर वजन नको म्हणून चासीखाली लाकडी ठोकळा दिला.

ऑक्टोबरमध्ये, दसऱ्यानंतर, मुरमावर खरं चालवणं सुरू झालं आणि तिथून देखभाल सुरू झाली. बारीक तांबडी धूळ सगळीकडे जाते. प्रत्येक वेळी घरी आल्यावर रंगाच्या कोरड्या ब्रशने खालची बाजू झाडायची. महिन्यातून एकदा पंक्चरवाल्याकडे हवेचा मारा. तो पैसेही घेत नाही, पण बेअरिंगवर थेट झोत मारू देऊ नका, धूळ आत ढकलली जाते. चाकाच्या दांड्यांना गवताचे तंतू, केस, पतंगाचा मांजा गुंडाळला जातो, तो चिमट्याने काढायचा. मकरसंक्रांतीनंतर हे खास बघा. चाकांचे नट ७ मिलिमीटरच्या पान्याने तपासायचे. घरघर करणारी बेअरिंग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायची, वाळवायची आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ. गाडी थांबवल्यावर मोटारीला बोट लावून बघा. बोट ठेववत नसेल तर तिला विश्रांती हवी आहे. एप्रिल-मेमध्ये आम्ही दोन बॅटऱ्यांच्या मध्ये वीस मिनिटं थांबतो.

याच सुमारास लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी घेतली, दोन सेलची, ७.४ व्होल्ट, ५००० एमएएच, ३,६०० रुपये. घेण्याआधी चासीतला खण पट्टीने मोजला. लायपोने गाडीला दम येतो हे खरं, पण माझं स्पष्ट मत आहे की घरात मूल असेल तर पहिलं वर्ष निकेल मेटल हायड्राइडवरच काढावं. लायपोला शिस्त लागते. नेहमी बॅलन्सची तार जोडून चार्ज करायची, ५ अँपिअरपेक्षा जास्त नाही. मी ३ वरच ठेवते. सेल ४.२ व्होल्टला भरतो, ३.२ च्या खाली नेऊ नये. आठवडाभर वापरायची नसेल तर चार्जरवरच्या स्टोरेज पर्यायाने ३.८ वर आणून ठेवायची. आमच्याकडे ती गॅलरीत फरशीवर, मातीच्या कुंडीत चार्ज होते आणि तेवढा वेळ घरातलं मोठं कुणीतरी तिथेच बसतं. झोपताना चार्जिंग नाही. लाईट जाऊन-येऊन असेल त्या दिवशीही नाही. फुगलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नसते. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलनात द्यायची. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकांवर जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे, म्हणून घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा.

डिसेंबरमध्ये गाडी कठड्यावर आदळली आणि पुढच्या डाव्या चाकाचा प्लास्टिकचा अपराइट, म्हणजे चाकाचा दांडा धरून ठेवणारा भाग, तुटला. भारतात तो संपलेला होता, म्हणून हाँगकाँगच्या दुकानातून मागवला. एक भाग सुटा येत नाही, अख्खा सांगाडा घ्यावा लागतो. उरलेले भाग पुढे कामी येतात. भागांचे २,९०० आणि पाठवणीचे १,६०० रुपये झाले. पार्सल ९ जानेवारी २०२५ ला मुंबईत आलं आणि तिथेच थांबलं. कुरिअर कंपनीने केवायसी मागितली. आधारवरचं नाव आणि पार्सलवरचं नाव जुळत नव्हतं, पार्सलवर मधलं नाव नव्हतं. मग पैसे भरल्याचा पुरावा, मग वस्तू नेमकी काय आहे याचं वर्णन. प्रत्येक ईमेलला उत्तर यायला दोन-तीन दिवस. मी दुकानाच्या पानाचा फोटो, वजन, आणि 'वैयक्तिक वापरासाठी, खेळण्याच्या गाडीचे प्लास्टिकचे सुटे भाग' असं लिहून दिल्यावर ते सुटलं. ड्युटी फक्त वस्तूवर लागत नाही, पाठवणीचा खर्चही किमतीत धरतात आणि त्या सगळ्यावर पुन्हा जीएसटी. कुरिअरचं हाताळणी शुल्क धरून २,७०० रुपये भरले. २९ जानेवारीला पार्सल घरी आलं. त्या तीन आठवड्यांत लेक रोज संध्याकाळी ट्रॅकिंग बघायची. ऑर्डर देताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका आणि दोन वेळा लागणारे भाग एकदमच मागवा. पाठवणीचा खर्च जवळपास तेवढाच राहतो.

पहिलं मोठं सर्व्हिसिंग मे २०२५ च्या सुट्टीत केलं. दोन्ही गिअरचे डबे उघडले. ग्रीस काळं पडलं होतं पण दात शाबूत होते. जुनं ग्रीस पुसून नवं घातलं, शॉकअपचं तेल बदललं, दोन बेअरिंग टाकून नव्या घातल्या. मोटारीचे कार्बन ब्रश झिजले होते. ही मोटार बंद डब्याची असल्यामुळे ब्रश बदलता येत नाहीत, म्हणून ६०० रुपयांत तशीच नवी ५४० मोटार लावली. नव्या मोटारीला पहिल्यांदा चाकं हवेत ठेवून हळू वेगाने काही मिनिटं फिरवलं, म्हणजे ब्रश नीट बसतात. हे सगळं लेकीने केलं, मी फक्त पुस्तिकेची पानं उलटत होते.

आतापर्यंत सगळं धरून तीस हजारांच्या वर गेलं आहे. सुरुवातीला वीस हजारांच्या आत बसेल असा अंदाज होता, तेव्हा बजेट करताना सुट्या भागांसाठी आणि दुसऱ्या बॅटरीसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा. रिमोट, चार्जर आणि पेचकस पुढच्या गाडीलाही चालतील. बोळातल्या परवानगीची मुदत जूनमध्ये संपत होती. नव्या अर्जावर या वेळी लेकीची सही आहे, शेजारी माझी.